दुसऱ्याच्या वतीनं चाललेली वाट

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरातलं माणूस फार आजारी पडलं, की दोरा घेऊन त्याला डोक्यापासून पायापर्यंत मापत. मग तेवढ्याच लांबीच्या वातीची मेणबत्ती करून ती संताच्या समाधीपुढे लावत. रोगी अंथरुणात, त्याची उंची देवळात.

ज्याला चालवत नाही त्याच्या वतीनं दुसऱ्यानं चालायचं, ही रीतही याच समजुतीतली. लोक मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवत: माझ्यामागे कुणीतरी माझ्या आत्म्यासाठी कँटरबरी किंवा वॉल्सिंगहॅम या तीर्थस्थानी पायी जावं. मोबदला घेऊन अशी वाट चालणारे मिळतही.

कँटरबरीचा महिमा एका खुनातून वाढला. २९ डिसेंबर ११७० रोजी आर्चबिशप थॉमस बेकेटला त्याच्याच कथीड्रलमध्ये कापून काढलं. मारेकरी राजा दुसऱ्या हेन्रीच्या पदरचे सरदार होते. ११७४ मध्ये हेन्री अनवाणी तिथं गेला आणि त्यानं मठवासीयांकडून पाठीवर फटके खाल्ले. सामान्य यात्रेकरू परतताना गळ्यात शिसं-कथलाची चपटी कुपी अडकवून येत. तिच्यातल्या पाण्यात बेकेटच्या रक्ताचा अंश आहे, अशी श्रद्धा असे. घरी वाट पाहणाऱ्या दुखणाइताला ते पाजायचं.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं ती समाधी फोडली, सोनं-रत्नं खजिन्यात नेली. यात्रा बंद पडल्या. यात्रेकरू उरला तो पुस्तकात: जॉन बन्यनचं यात्रेकरूच्या प्रवासाचं रूपक १६७८ मध्ये आलं. हरी केशवजींनी १८४१ मध्ये ते 'यात्रिक क्रमण' या नावानं मराठीत आणलं.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, एक खराखुरा माणूस इंग्लंडच्या रस्त्यावर होता. कवी जॉन क्लेअर एसेक्समधल्या मनोरुग्णालयातून निसटला आणि चार दिवसांत सुमारे ८० मैल चालून घराकडे आला. खिशात दमडी नव्हती. भुकेपोटी त्यानं रस्त्याकडेचं गवत खाल्लं. त्याला भेटायचं होतं मेरी जॉइसला, त्याच्या लहानपणीच्या प्रेमाला. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. लोकांनी सांगितलं, त्याला पटलं नाही.

रेचल जॉइस यांच्या 'द अनलाइकली पिल्ग्रिमेज ऑफ हॅरॉल्ड फ्राय' या २०१२ च्या कादंबरीचा नायक याच रस्त्यावरचा. हॅरॉल्ड पासष्टीचा, मद्यनिर्मितीच्या कंपनीतून निवृत्त झालेला. जुनी सहकारी क्वीनी कर्करोगानं मरणपंथाला लागल्याचं पत्र येतं. उत्तर टाकायला तो बाहेर पडतो आणि पत्रपेटी ओलांडून पुढे जातो. मग दुसरी, मग तिसरी. डेव्हनमधल्या किंग्जब्रिजपासून स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या बेरिकपर्यंत ८७ दिवस, ६०० मैलांहून जास्त, पायात बोटीवर घालायचे साधे बूट. मी चालतोय तोवर ती जगेल, एवढाच हिशेब. समाधी नाही, संत नाही, धर्मावर विश्वासही नाही. वारीत माणसाला दिंडी सांभाळते; याच्यासोबत असतो तो बराच काळ मनात गाडून ठेवलेला मुलाचा मृत्यू. क्वीनीसाठी चालताना हा मृत्यू मैलामैलानं वर येतो.

ही गोष्ट आधी रेडिओनाटक होती. जॉइस यांनी ती लिहिली तेव्हा त्यांचे वडील कर्करोगानं अखेरच्या दिवसांत होते. २००६ मध्ये ते नाटक बीबीसीवर लागलं, तेव्हा ऐकायला वडील नव्हते.