अर्धसंवाहक नॅनोतार संवेदक

सु. १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) वा त्याहून कमी जाडीच्या अर्धसंवाहक तारेचा विद्युत् रोध तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाने किंवा तिला स्पर्श करणाऱ्या वायूने बदलतो. या बदलावरून प्रकाशाचे वा वायूचे अस्तित्व ओळखणाऱ्या प्रयुक्तीस नॅनोतार संवेदक म्हणतात. प्रकाशाचे संवेदन व वायूचे संवेदन हे विषय दीर्घकाळ वेगवेगळे मानले जात. धातूंच्या ऑक्साइडांच्या बाबतीत ते पृष्ठभागावरील ऑक्सिजनाने एकमेकांशी जोडलेले आहेत, हे क्रमाक्रमाने स्पष्ट झाले.

प्रकाशसंवेदन : समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींची चाचणी घेताना विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते उच्च रोधासाठी सिलिनियमाच्या कांड्या वापरीत. हा रोध स्थिर राहत नसे. उजेडात तो घटतो असे त्यांनी १८७३ मध्ये जाहीर केले. झिंक ऑक्साइडाच्या अभ्यासात मात्र एक अडचण आली. प्रकाश बंद केल्यावरही त्याची वाढलेली संवाहकता बराच वेळ टिके आणि सभोवारच्या हवेवर अवलंबून असे. १९५७ मध्ये डी. ए. मेलनिक यांनी याचा संबंध ऑक्सिजनाच्या पृष्ठशोषणाशी (पृष्ठभागावर चिकटून राहण्याशी) जोडला. चिकटलेले ऑक्सिजनाचे रेणू इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. जंबुपार प्रकाशाने निर्माण झालेल्या धन पोकळ्या त्या रेणूंना मुक्त करतात व संवाहकता वाढते. ऑक्सिजन पुन्हा चिकटेपर्यंत ती वाढलेलीच राहते.

वायुसंवेदन : वॉल्टर ब्रॅटन व जॉन बार्डीन यांनी १९५३ मध्ये जर्मेनियमाचे पृष्ठीय विद्युत् गुणधर्म सभोवारच्या वायूनुसार बदलतात, असे दाखविले. जपानमधील क्यूशू विद्यापीठात टेत्सुरो सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडाच्या तापविलेल्या पातळ पटलाने वायू ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथिल ऑक्साइडाचा संवेदक तयार केला. जपानी घरांतून द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या गळतीमुळे स्फोट होत. त्यांची आगाऊ सूचना देण्यास हा संवेदक उपयोगी पडला. ज्वलनशील वायूची पृष्ठभागावरील ऑक्सिजनाशी विक्रिया होऊन अडकलेले इलेक्ट्रॉन परत मिळतात व रोध घटतो. त्यासाठी संवेदक शेकडो अंश से. तापमानास ठेवावा लागतो.

नॅनोतारांकडे वाटचाल : ऑक्सिजनाचा प्रभाव पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरपर्यंतच पोहोचतो. नोबोरू यामाझोए व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये असे दाखविले की, कथिल ऑक्साइडाचे स्फटिककण सु. ६ नॅनोमीटरहून लहान झाले की संवेदनक्षमता झपाट्याने वाढते. परंतु असे सूक्ष्म कण तापविल्यास एकमेकांत मिसळून मोठे होतात. अखंड स्फटिकाच्या बारीक तारेत पृष्ठभागाचे प्रमाण मोठे असूनही इलेक्ट्रॉनांचा मार्ग सलग राहतो. आर. एस. वॅग्नर व डब्ल्यू. सी. एलिस यांनी १९६४ मध्ये सोन्याच्या वितळलेल्या थेंबातून सिलिकॉनाचे स्फटिकतंतू वाढविले होते. याच तत्त्वाने १९९८ मध्ये ए. एम. मोरॅलेस व चार्ल्स लीबर यांनी नॅनोमीटर जाडीच्या तारा मिळविल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पेइडाँग यांग यांच्या गटाने २००२ मध्ये झिंक ऑक्साइडाच्या तारांचा रोध जंबुपार प्रकाशात चार ते सहा दशगुणितांनी घटतो, असे दाखविले. त्याच वर्षी या गटाने कथिल ऑक्साइडाच्या नॅनोफितीवर जंबुपार प्रकाश टाकून, ती न तापविता, नायट्रोजन डाय-ऑक्साइड ओळखला. चिकटलेला वायू उष्णतेऐवजी प्रकाशाने सुटत असल्यामुळे फीत पुनःपुन्हा वापरता आली. दोन्ही संशोधनप्रवाह येथे एकत्र आले.

मर्यादा : पृष्ठभागाची ही संवेदनशीलता दुधारी आहे. प्रकाशसंवेदकात ऑक्सिजनामुळे प्रवाहाचे मोठे वर्धन होते, पण प्रतिसाद मंद होतो. वायुसंवेदकात हवेतील बाष्प व इतर वायू यांमुळे चुकीचा संकेत मिळू शकतो. हजारो तारा एकसारख्या गुणधर्मांच्या बनविणे व त्यांना विश्वासार्ह विद्युत् जोड देणेही कठीण आहे. म्हणूनच घरगुती वायुगळतीसूचकांत तापविलेला कथिल ऑक्साइड आजही वापरला जातो. कमी विद्युत् शक्तीवर चालणाऱ्या लहान उपकरणांसाठी नॅनोतारांवरील संशोधन चालू आहे.