एका मेणबत्तीची सहा व्याख्याने



सामान्य श्रोत्यांपुढे विज्ञान मांडताना शास्त्रज्ञाची भाषा बोलावी की वार्ताहराची, हा प्रश्न जुना आहे. त्याचे मला पटलेले उत्तर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात झालेल्या सहा व्याख्यानांत मिळते. वक्ते होते मायकेल फॅरडे. व्याख्याने मुलांसाठी होती आणि विषय होता मेणबत्ती, जी आपण दर शब्बाथला पेटवतो.

फॅरडे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीची उमेदवारी करीत असताना १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, आपली टिपणे बांधून डेव्हींना पाठविली आणि पुढच्याच वर्षी ते त्यांचे साहाय्यक झाले. एखादे व्याख्यान श्रोत्याचे आयुष्य कसे पालटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

पहिल्याच व्याख्यानात वार्ताहराची दृष्टी दिसते. जपानची दारे पाश्चात्त्यांना नुकतीच उघडली होती; फॅरडेंनी तिथल्या मेणबत्त्या दाखविल्या. १७८२ साली बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजातून काढलेली मेणबत्तीही दाखविली. ५७ वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही ती व्यवस्थित जळत होती!

कुतूहल जागे झाल्यावर शास्त्रज्ञ पुढे येतो. ज्योतीतून पाणी निर्माण होते, हे फॅरडेंनी नुसते सांगितले नाही. बर्फ व मीठ भरलेले भांडे त्यांनी ज्योतीवर धरले आणि त्याच्या तळाशी थेंब जमला. पण तो पाण्याचाच कशावरून? पोटॅशियमचा त्याच्याशी स्पर्श होताच ज्वाला उठली. विधान, शंका आणि पुरावा हा क्रम त्यांनी मुलांसमोरही मोडला नाही. अखेरच्या व्याख्यानात जळणारी ज्योत आणि माणसाचा श्वास यांचे नाते उलगडताना, चोवीस तासांत एका माणसाच्या शरीरात सुमारे ७ औंस कार्बन जळतो, हा हिशेबही त्यांनी मांडला.

ही व्याख्याने विल्यम क्रुक्स यांनी आपल्या ‘केमिकल न्यूज’ या नियतकालिकात छापली व १८६१ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. क्रुक्स संपादक होते आणि रसायनशास्त्रज्ञही. त्याच वर्षी त्यांनी थॅलियम हे मूलद्रव्य शोधले. श्रोत्यांना उद्देशून काढलेले उद्गार त्यांनी छापतानाही राखले. म्हणूनच आज वाचताना वक्ता समोर उभा असल्याचा भास होतो.

माझ्या मते या दोन शैलींची कामे वेगळी आहेत. वार्ताशैली श्रोत्याला सभागृहात आणते. शास्त्रीय शैली त्याला शंका घेण्याचा अधिकार देते. आज आहार, औषधे आणि आजार यांविषयी जी भाषणे आपल्या कानी पडतात, त्यांत पुष्कळदा पहिलेच काम उरते. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ एवढे म्हटले की टाळ्या पडतात आणि कित्येक जण घरी जाऊन औषध बदलतात. अशा वेळी वक्ता कितीही नामवंत असो, आपण उठून अदबीने विचारावे: थेंब दिसला खरा, पण तो पाण्याचाच कशावरून?