राझींचा केसपेपर

गेल्या महिन्यात अम्मीला घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो होतो. बाहेर पन्नासेक माणसे, आत एकच डॉक्टर. त्यांची एक नजर अम्मीवर, दुसरी कॉम्प्युटरवर. अम्मी गुडघ्याचे बोलली. नोंद झाली, गोळ्या मिळाल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘रात्री धाप लागते, ते सांगायचं राहिलंच.’ नोंद बिनचूक होती, फक्त तिच्यात धाप नव्हती. आम्ही परत रांगेत लागलो.

उभ्या उभ्या मला अबू बकर राझी आठवले. तेहरानजवळच्या रय शहरात जन्मलेले हे हकीम नवव्या-दहाव्या शतकात रय आणि बगदादच्या दवाखान्यांचे प्रमुख होते. इब्न अल-नदीम ‘फिहरिस्त’मध्ये सांगतो, राझींभोवती शिष्य बसत, त्यांच्या मागे शिष्यांचे शिष्य. रुग्ण आधी सर्वांत बाहेरच्या लोकांना दुखणे सांगे. त्यांना उमगले नाही तर आतल्यांना, शेवटी राझींना. गर्दी तेव्हाही होतीच.

राझी सतत टिपणे काढत. जुन्या ग्रंथांतले उतारे आणि शेजारी स्वतः तपासलेले रुग्ण. त्यांच्या मृत्यूनंतर ही टिपणे जमवून ‘अल-हावी’ तयार झाला. त्यातल्या एका नोंदीवर मी नेहमी थांबतो. अब्दुल्लाह इब्न सवादा नावाच्या रुग्णाला ताप येई, कधी रोज, कधी एक दिवसाआड. राझी म्हणाले, हा ताप चौथ्या दिवसाचा होईल, नाहीतर मूत्रपिंडात गळू असेल. थोड्याच दिवसांत लघवीतून पू गेला. मग राझींनी लिहून ठेवले की उभे राहिल्यावर कंबरेत जड वाटते का, हे विचारायचे माझ्याकडून राहिले. चूक झाकली असती तर कुणाला कळले असते? आणि विचारलेच नाही तर लिहिणार काय? आमच्या रांगेचे दुखणे नेमके हेच.

पण राझींना फरिश्ता ठरवायची घाई नको. त्याच टिपणांत ‘सिरसाम’ या मेंदूच्या तापाबद्दल ते लिहितात की काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, निष्कर्ष पक्का व्हावा म्हणून. रक्त काढणे हाच इलाज, अशी त्यांची खात्री होती. म्हणजे त्यांच्या समजुतीनुसार त्यांनी काही माणसांना इलाजाविना ठेवले. आज रक्त काढणे हा त्यावरचा इलाज मानत नाहीत, तेव्हा कदाचित तेच रुग्ण सुखी राहिले असतील! तरीही ही नोंद वाचताना मला बरे वाटत नाही. इथे रुग्ण नोंदीसाठी होता.

या लिहिण्याची किंमत राझींनीही मोजली. एका मोठ्या ग्रंथावर रात्रंदिवस पंधरा वर्षे घालवली, नजर अधू झाली, हाताचे स्नायू निकामी झाले, असे त्यांनीच सांगितले आहे. मग वाचायला आणि लिहायला ते दुसऱ्याची मदत घेत.

आमच्या डॉक्टरांशेजारीही असा एखादा माणूस बसवायला हवा. तोवर मीच अम्मीची सगळी दुखणी कागदावर लिहून नेणार आहे. धाप सर्वांत वर.