वावरासाठी लढलेले

रोमानियातल्या मराशेश्तीची लढाई १९१७ च्या ऑगस्टमधली. मक्याची वावरं उभी, अन् समोर जर्मन तोफा. लढणारे शिपाई म्हणजे खेड्यातलीच पोरं. कुणाला बित्ताभर जमीन, कुणाला तीही नाही. दहाच वर्षांमागं, १९०७ साली, जमिनीसाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर याच लष्करानं गोळ्या झाडल्या होत्या. मग ही पोरं मरायला का उभी राहिली? त्या वसंतात राजा फर्डिनांडनं फौजेसमोर येऊन शब्द दिला होता, जमीन देतो म्हणून. १९२१ च्या कायद्यानं ती बऱ्याच जणांना मिळालीसुद्धा. पण १९४९ पासून सरकारनं सामुदायिक शेती आणली, अन् वावरं पुन्हा हातची गेली.

मराशेश्तीच्या भल्यामोठ्या समाधीत हजारो शिपायांच्या अस्थी आहेत. गावोगावच्या स्मारकांवर नावं कोरलेली. दरसाल येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला त्यांची आठवण काढतात.