शनवारचा घाणा

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला नया नगर आहे आणि त्याच्या कडेला गेली पस्तीस वर्षे माझे बिऱ्हाड आहे. मी आलो तेव्हा खिडकीतून मिठागरे दिसत. आता समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली धुणी दिसतात. आमच्या दाराला दार लागून रत्नागिरीकडचे एक मुसलमान कुटुंब राहते. गृहस्थ मुंबईत सरकारी कचेरीत आहेत. थोरली मुलगी माझ्या सूनबाईबरोबर एकाच इस्पितळात परिचारिका आहे, आणि धाकटी इथल्याच शाळेत जाते.

२०२५ च्या सप्टेंबरात ही धाकटी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "आजोबा, ईदची सुट्टी आमच्या घरात दोनदा आली, पण अब्बांना नि मला मिळून एकदाही नाही!"

तक्रार खरी होती. ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला, शुक्रवारी होती, आणि दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या गर्दीवर आणखी गर्दी नको, म्हणून मुंबईतल्या मुसलमान मंडळींनी आपली मिरवणूक ८ तारखेवर नेली. सरकारनेही मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांची सुट्टी सोमवारवर नेली. बाकीच्या जिल्ह्यांत ती शुक्रवारीच राहिली. आता नया नगर पडले ठाणे जिल्ह्यात. दहिसरच्या नाक्यापलीकडे एक सुट्टी, अलीकडे दुसरी. शुक्रवारी मुलगी घरी आणि बाप कचेरीत. सोमवारी बाप घरी आणि मुलगी शाळेत.

हे दोन सण असे एकमेकांच्या अंगावर का येतात, हे मी तिला भिंतीवरच्या कालनिर्णयावर दाखवले. तिची तारीख आणि माझी तिथी, दोन्ही एकाच चंद्राच्या. तिची बारावी तारीख माझ्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडते, आणि दहावी एकादशीच्या. म्हणून तर २०२२ आणि २०२३ या दोन्ही साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, आणि कित्येक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे नेली. फरक इतकाच, की आपण सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतो. हिजरी वर्ष तसे करीत नाही, ते दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरते. २०२३ च्या अधिक श्रावणाने आषाढीची जोडी फुटली. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने गणपतीची फुटते. पारशांची गंमत आणखी निराळी. त्यांच्या शहेनशाही वर्षाला लीप दिवसच नाही, म्हणून त्यांचा नववर्षदिन दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतो. २०२४ आणि २०२५ मध्ये तो नेमका १५ ऑगस्टवर आला आणि बिचाऱ्यांची सुट्टी स्वातंत्र्यदिनात बुडाली.

"पण सुट्टी ठरवतं कोण?" तिने विचारले.

प्रश्न सोपा आहे; उत्तर हुंडीच्या वहीत आहे. आपल्या सार्वजनिक सुट्ट्या ज्या कायद्याखाली जाहीर होतात तो सणांचा कायदाच नव्हे. तो आहे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, एवढ्यापुरती त्यात सुट्टीची व्याख्या आली. मूळ व्याख्येत नावे होती ती रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची. दसरा, ईद, पतेती हे सारे 'सरकार जाहीर करील तो दिवस' या शेपटात. स्वातंत्र्यानंतर रविवार तेवढा राहिला, बाकीची नावे गळाली, आणि शेपूट लांबत गेले. २०२५ साली महाराष्ट्राच्या यादीत २४ सुट्ट्या होत्या.

रविवारही गिरणी कामगाराला फुकट मिळाला नाही. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. साहेबाचा तो चर्चचा वार, आणि आपल्या घाटावरच्या कामगाराचा खंडोबाचा! एकाच वाराला दोघांचे देव भेटले, म्हणून तो सोयीचा झाला.

पण यादीतली सुट्टी भांडणाचेही कारण होते. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी राज्य सरकारने सुट्टी दिली. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले. आदल्या दिवशी, रविवारी, खास बसलेल्या खंडपीठाने ते फेटाळले. आणि त्याच रात्री आमच्या नया नगरात दंगा झाला. पुढला आठवडाभर आमच्या जिन्यात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. मुले मात्र खेळायला कधी उतरायचे ते विचारीत होती, आणि आम्ही थोरले उत्तर टाळीत होतो.

तेव्हापासून मला राहून राहून अलिबागकडचे 'शनवार तेली' आठवतात. तिला मी त्यांचीच गोष्ट सांगितली. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आडनावे गावांवरून, पेणकर, किहीमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा त्यांचा शब्बाथ; त्या दिवशी ते घाणा जुंपत नसत. गावाने त्यांना नाव दिले ते त्या बंद घाण्यावरूनच. त्यासाठी कोणते राजपत्र निघाले नव्हते. गाव शनिवारी आपल्या कामाला लागे, आणि एक घाणा उभा राही.

आपली यादी दिवसाला सुट्टी देते. त्या गावाने ती माणसाला दिली होती. या दोन्हींत थोडे अंतर आहे. नव्या कायद्यांनाही ते थोडेफार कळले आहे. केंद्र सरकारचा नोकर ऐच्छिक यादीतून दोन दिवस स्वतः निवडतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी चार कोणत्या, हे मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायचे असते.

इस्पितळात तर यादीचा उपयोगच नाही. आजार सुट्टी पाळीत नाही. आमच्या सूनबाई आणि शेजारची थोरली यांनी म्हणून आपली तोड काढली आहे. लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी थोरलीची, ईदची सूनबाईंची. दिवाळी कॅलेंडरावर पेनाने लिहिलेली असते, ईद पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह घालून; चंद्र दिसला की ते खोडायचे.

धाकटीने सारे ऐकून घेतले. मग जरा विचार करून म्हणाली, "पण आजोबा, गावात कुणाला शनिवारीच तेल लागलं तर?"

"तर काय," मी म्हटले, "शुक्रवारीच आणून ठेवायचं."