ग्रंथातून हातात आलेली तलवार

महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत आता संध्याकाळच्या वेळी एखाद्या शाळेच्या सभागृहात पांढऱ्या गणवेशातली मुले ओळीने उभी राहून लाथा मारताना दिसतात. तायक्वांदोचा वर्ग चालू असतो. कोरियाची युद्धकला म्हणजे रिकामे हात आणि उंच लाथा, अशी आपली समजूत त्यातून झाली आहे. पण कोरियात, आणि कोरियाबाहेरही, या कलांचे कितीतरी साधक रिकाम्या हातांच्या सरावाला जोडून लाठी, तलवार, भाला यांचे जुने पवित्रे गिरवतात. गुरूने शिकवलेल्या क्रमाने एकापाठोपाठ एक वार, अडवणूक, वळण, पुन्हा वार. हे पवित्रे किती जुने? ते आजच्या साधकापर्यंत पोहोचले कसे? उत्तर शोधू गेले की आपण एका ग्रंथापाशी येऊन थांबतो.

गोष्ट सुरू होते 1592 मध्ये. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजा कोरियाच्या बुसान बंदरात उतरल्या आणि अवघ्या तीन आठवड्यांच्या आत राजधानी पडली. कोरियात त्या वेळी जोसन घराण्याचे राज्य होते. त्यांचा सैनिक धनुर्विद्येत तरबेज होता; पण शत्रू बंदुकीच्या माऱ्याआडून जवळ आला आणि लांब तलवारीने भिडला, की त्याचे काही चालेना. पुढे चीनच्या मिंग सम्राटाची कुमक आली. 1593 च्या आरंभी प्योंगयांग परत घेतले गेले. या लढाईत दक्षिण चीनच्या तुकड्यांनी ढाल, भाले आणि लांब बांबू यांची सांगड घालून केलेले काम राजा सोंजोच्या नजरेत भरले. ती पद्धत ची जिग्वांग नावाच्या चिनी सेनापतीने जपानी चाच्यांशी लढताना बसवली होती आणि ग्रंथरूपाने लिहून ठेवली होती. राजाने त्याच वर्षी प्रशिक्षणासाठी स्वतंत्र दल उभारले. हान ग्यो नावाच्या अधिकाऱ्याने चिनी सैनिकांना विचारून विचारून माहिती जमवली आणि 1598 मध्ये सहा शस्त्रविद्यांचे सचित्र पुस्तक तयार झाले. लाठी, वेताची ढाल, लांब भाला, तीन टोकांचा भाला, दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार आणि सहावे शस्त्र म्हणजे फांद्या न छाटलेला लांब बांबू! समोरच्याची तलवार त्या फांद्यांत अडकवायची आणि मागच्या भालाईताने आपले काम करायचे.

युद्ध संपले, पुस्तक राहिले. 1759 मध्ये युवराज सादो वडिलांच्या वतीने कारभार पाहत असताना त्याने त्यात बारा विद्यांची भर घातली. अठरा विद्या झाल्या. पुढे तीनच वर्षांनी या युवराजाचा शेवट फार भयंकर झाला. वडील राजा योंगजो यांच्या हुकमाने त्याला तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडण्यात आले आणि तिथेच त्याने प्राण सोडला. त्याचा मुलगा तेव्हा दहाएक वर्षांचा होता. हाच मुलगा 1776 मध्ये जोंगजो या नावाने गादीवर बसला. वडिलांच्या अठरा विद्या तशाच ठेवून त्याने घोड्यावरच्या सहा जोडल्या आणि 1790 मध्ये चोवीस विद्यांचा ग्रंथ छापवून घेतला. त्याचे नाव 'मुये दोबो तोंगजी'.

हे काम राजाने कोणाकडे सोपवले, हे पाहण्यासारखे आहे. यी दोक-मू आणि पाक जे-गा हे दोघे राजग्रंथालयातले विद्वान, आणि पेक दोंग-सू हा लष्करी अधिकारी. तिघेही कुळाच्या हिशेबात खालचे. त्या काळच्या कोरियात दुय्यम पत्नीच्या वंशाला वरच्या अधिकारपदांचे दरवाजे जवळजवळ बंद असत. दोघांनी ग्रंथ धुंडाळायचे आणि तिसऱ्याने प्रत्यक्ष हालचाली तपासायच्या, अशी ही वाटणी होती. शस्त्र कसे बनवायचे, त्याची लांबी किती, त्याचा इतिहास काय, हे आधी. मग एकेका पवित्र्याचे चित्र आणि नाव. शेवटी सगळा क्रम आरंभापासून अखेरपर्यंत. पवित्र्यांची नावे तरी किती बोलकी! सोनेरी कोंबडा एका पायावर उभा, उग्र वाघ रानात दडलेला. नाव ऐकले की शरीर कसे ठेवायचे ते शिपायाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मूळ ग्रंथ चिनी लिपीत होता. म्हणून त्याला कोरियन लिपीतल्या स्पष्टीकरणाचा वेगळा खंडही जोडला गेला.

या ग्रंथाचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. ज्या जपानी तलवारीने देश उद्ध्वस्त केला, तिचे पवित्रे त्यात 'जपानी तलवार' याच नावाने आहेत. किम चे-गोन नावाच्या कोरियन सैनिकाने ते खटपटीने शिकून आणले, अशी नोंदही आहे. चिनी विद्यांना चिनी म्हटले आहे. एका तलवारविद्येचा प्रवास तर अजबच आहे. माओ युआन्यी या चिनी लेखकाने 1621 च्या आपल्या प्रचंड युद्धग्रंथात लिहिले होते, की ही विद्या आपल्याला जोसनमधून मिळाली. दीडशेहून अधिक वर्षांनी कोरियन संपादकांनी ती त्याच चिनी ग्रंथातून उचलून परत घरी आणली. आपले काय, परक्याचे काय, हे त्यांनी लपवले नाही. आणि परक्याचे म्हणून टाकूनही दिले नाही.

आणखी एक गोष्ट. चोवीस विद्यांमध्ये रिकाम्या हातांची झुंज एकच आहे. ची जिग्वांगचे मत असे, की मोठ्या लढाईत मुष्टियुद्धाचा फारसा उपयोग नाही. पण हातपाय मोकळे व्हायला, शरीर तयार व्हायला नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. म्हणजे आज ज्याला आपण कोरियन युद्धकलेचे सर्वस्व समजतो, ते त्या काळी शस्त्रापर्यंत जाणारी पहिली पायरी होते.

मग ही परंपरा गेली कुठे? जोंगजो 1800 मध्ये वारला आणि ज्या रक्षकदलात या विद्यांचा सराव चाले ते दोन वर्षांतच मोडले गेले. 1894 च्या सुधारणांत जुनी लष्करी परीक्षा बंद झाली. 1907 मध्ये जपानच्या दडपणाखाली कोरियाचे सैन्यच बरखास्त झाले आणि 1910 मध्ये देश जपानच्या ताब्यात गेला. 1945 मध्ये स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा नव्या आखाड्यांचे बरेचसे संस्थापक जपानी कराटे शिकलेले होते. 1955 मध्ये पुढे आलेले 'तायक्वांदो' हे नाव आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याला मिळालेले पदकाचे स्थान, हा सारा प्रवास रिकाम्या हातांचा आहे.

जुन्या ग्रंथाकडे लोक वळले ते नंतर. 'मू दोक क्वान' या आखाड्याचे संस्थापक ह्वांग की यांच्या हाती तो 1950 च्या दशकात ग्रंथालयात लागला आणि त्यांनी त्याच्या आधारे नवे क्रम रचले. 1987 मध्ये किम ग्वांग-सोक यांनी ग्रंथातल्या हालचालींचा प्रत्यक्ष उलगडा करणारे पुस्तक काढले. सुवोनमध्ये जोंगजोने 1794 ते 1796 या काळात बांधवलेल्या किल्ल्यातल्या राजवाड्यासमोर या चोवीस विद्यांची प्रात्यक्षिके होऊ लागली. 2017 मध्ये उत्तर कोरियाच्या प्रस्तावावरून हा ग्रंथ युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेला. दुभंगलेल्या देशाचे दोन्ही भाग त्याला आपला मानतात.

पण चित्र म्हणजे हालचाल नव्हे. 'वाघ दडला' आणि 'कोंबडा उभा राहिला' ही दोन चित्रे ग्रंथात आहेत. मधले पाऊल कसे पडले, भार केव्हा सरकला, श्वास कुठे सोडला, हे कागदावर येत नाही. ती मधली जागा आजच्या साधकाने आपल्या शरीराने भरली आहे. ते शरीर तायक्वांदोत तयार झालेले असेल, तर त्याची उडी आणि वळण तलवारीतही उतरणार. म्हणूनच एकच क्रम दोन आखाड्यांत दोन तऱ्हांनी दिसतो, आणि दोघेही आपलाच खरा असे सांगतात. कोणी तर हजारो वर्षांची अखंड गुरुपरंपराही सांगतो. ऐकायला गोड वाटते. पण 1907 चे वर्ष त्यातून पुसता येत नाही.

तुटलेली परंपरा पुन्हा जोडण्यात कमीपणा काहीच नाही. हान ग्योनेही परक्या सैनिकांना विचारूनच पहिल्या सहा विद्या लिहिल्या होत्या. कोणते पाऊल ग्रंथातले आणि कोणते आपण घातलेले, एवढे शिष्याला सांगणारा गुरू त्या तीन संपादकांच्या वाटेनेच चालला आहे, असे म्हणता येईल.