रंगसंगती (रंगचक्रानुसार)

शेजारी ठेवलेल्या रंगांचे डोळ्याला रुचणारे जुळणे. ते ठरवताना रंगचक्राचा आधार घेतात. न्यूटनने 'ऑप्टिक्स' (१७०४) या ग्रंथात वर्णपट वर्तुळात मांडला. चित्रकारांचे चक्र मात्र तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग व त्यांची मिश्रणे यांचे, बहुधा बारा घरांचे असते. लगतच्या घरांतले रंग घेतले की सलग संगती, समोरासमोरचे घेतले की विरोधी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांना हे पाठ असते. प्रमाणाचे भान त्यापुढचे. हिरव्या साडीला तांबडा काठ शोभतो तो अरुंद असतो म्हणून. दोन्ही रंग सारखेच भडक आणि सारखेच पसरलेले असले, तर नजर कुठे ठरतच नाही.

चक्र नव्हते तेव्हाची संगती पाहायची तर अजिंठा. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण रेल्वेने येणारे बरेच जण जळगावला उतरून साठेक किलोमीटर जातात. पाचव्या शतकातील वाकाटककालीन चित्रकारांकडे मुख्यतः गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढेच होते. सगळे मातकट, त्यामुळे एकमेकांत सहज मिसळणारे. निळ्यासाठी राजावर्त दगड लागे, तो अफगाणिस्तानातील बदख्शानचा. पहिल्या-दुसऱ्या लेण्यांत तो निळा गेरूच्या नारिंगी-तांबूस छटांशेजारी येतो आणि उठून दिसतो. चक्रावर ही घरे जवळजवळ समोरासमोर आहेत.

शेजारामुळे रंग बदललेला भासतो, हे शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यातल्या काळ्या धाग्याविषयी तक्रार आली होती. दोष रंगाईचा नव्हता, शेजारच्या धाग्यांचा होता.

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस छटेवार रचलेले दिसतात: लिंबू, हळदी, आंबा, केशरी, शेंदरी, डाळिंबी, राणी, आमसुली. हे न वळवलेले रंगचक्रच! साडीचा पदर त्यावर टाकून पाहणाऱ्या बाया चक्राचे नाव घेत नाहीत, निवड मात्र बिनचूक करतात. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात फसवू शकते. तेव्हा कापड फाडायला सांगण्याआधी पीस आणि पदर दोन्ही दुकानाच्या पायरीवर नेऊन पाहावेत.